कंपनीला सर्दी झालीय

आमच्या घरात मेघाचं नाव घ्यायला बंदी नव्हती. तशी कुणी घातली असती तर मी ती त्याच दिवशी मोडली असती. पण तिचे पप्पा ते नाव तोंडातून काढत नव्हते, एवढं मात्र खरं. कडुबा त्यांचं नाव. एसटीच्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. डिझेलचं इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगायचे. घरातल्या माणसाचं दुखणं मात्र त्यांना समोर उभं राहून, ओरडून सांगावं लागतं, आणि तरीही ते ऐकतील याची खात्री नाही.

मेघा आमची एकुलती एक. शिकली, इंजिनिअर झाली, परीक्षा दिली आणि कन्नडला सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागली. त्या दिवशी यांचे पाय जमिनीवर नव्हते. आमच्या गावी, देवगाव रंगारीला जाऊन विहारात पेढे वाटले. भेटेल त्याला जयभीम घालायचे आणि पाठोपाठ सांगायचे, "पोरगी साहेब झाली." ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलं तरी पुन्हा सांगायचे. मी मुकुंदवाडीच्या घरी मशीनवर बसून साड्यांना फॉल लावत होते, तर तिथं येऊन मलाही सांगितलं. जसं काही पोरगी एकट्या त्यांचीच होती.

वर्षही झालं नाही आणि मेघानं राजीनामा दिला. चाकणला हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांचं काम निघालंय, मला ते करायचंय, असं म्हणाली. हे जेवत होते. हातातला घास ताटात ठेवला.

"सरकारी नोकरी सोडतं का कुणी? त्या खुर्चीपर्यंत यायला आपल्या माणसांनी काय काय सोसलं, ठाऊक हाय का तुला?"

"ठाऊक आहे पप्पा. म्हणून तर त्या खुर्चीत नुसतं बसून राहायला बरं वाटत नाही."

"आन् ही तुझी खासगी कंपनी उद्या बुडाली मंग?"

"बुडाली तर दुसरं बघेन."

"मंग जा. आजपासून तुझं माझं बोलणं बंद."

मला वाटलं, चार दिवस चालेल हे. पण मी विसरले होते, माझी गाठ कुणाशी आहे. लग्नानंतर एकदा मी सहज म्हणाले होते, चहात किती साखर घालता हो, तर तेव्हापासून आजतागायत हा माणूस बिनसाखरेचा चहा पितो. तोंड वाकडं करतो, पण पितो. मेघा गेली आणि यांनी तिचं नावच टाकलं. इतकं, की मलाही हाक मारायची पंचाईत झाली. ती जन्मल्यापासून मला 'मेघाची मम्मी' म्हणायचे. आता 'ऐकलं का' म्हणायला लागले. सुरुवातीला मी मुद्दाम ऐकायचीच नाही.

चाकणला गेल्यावर काही दिवसांनी मेघानं मला एक फोटो पाठवला. पांढरी स्वच्छ बस, तिच्यासमोर हेल्मेट काखेत धरून उभी असलेली आमची पोरगी, आणि बसच्या अंगावर हातभर निळ्या अक्षरांत लिहिलेलं: नीलाक्ष हायड्रोजन. मी फोन तसाच मशीनवर उघडा ठेवला आणि भाताकडे बघायला आत गेले. परत आले तर फोटो कुणीतरी बोटांनी मोठा करून ठेवलेला. अर्ध्या पडद्यावर पोरीचा चेहरा, अर्ध्यावर ती निळी अक्षरं. हे दाराबाहेर पाठमोरे उभे होते, आणि आमच्या दारात बघण्यासारखं काहीही नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी दोऱ्याची रिळं आणतो म्हणून गुलमंडीला गेले आणि रिळांशिवाय परत आले. विचारलं तर म्हणाले, रंग जमला नाही. काय घडलं होतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. मी ज्या दुकानाच्या साड्यांचं काम करते, त्याच्या वरच्या मजल्यावर शिवराजचं शेअरचं ऑफिस आहे. गोड स्वभावाचा मुलगा. मला जिन्यात गाठून म्हणाला, "मावशी, काकांनी आमच्याकडं खातं उघडलं. नीलाक्ष घेतला. मी म्हणलो काका, हा शेअर लई नाचतो, दुसरा कुठला तरी घ्या. तर म्हणले, मला नफा नको, बातमी पाहिजे. मी म्हणलो, बातमी तर फुकट मिळती. तर म्हणले, फुकटातली बातमी माणूस ध्यान देऊन ऐकत नाय."

मी जिन्यातच खाली बसले. शिवराजला वाटलं मला चक्कर आली, तो पाणी आणायला धावला. चक्कर नव्हती. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्याला जाऊन मिठी मारावीशी वाटत होती, दोन्ही एकदम. अशा वेळी बाईनं काय करावं? मी पाणी प्याले आणि घरी आले.

यांनी हात जोडून विनंती केली, की पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही. मी कळू दिलं नाही. कारण तिनं फोनवर एकदा जरी हसून विचारलं असतं, तर यांनी साखरेसारखं हेही सोडलं असतं.

मग आमच्या घरात एक नवीनच बोली सुरू झाली. सकाळी चहा झाला की टीव्हीवर बाजाराच्या बातम्यांचं चॅनल लागायचं. खाली आकड्यांची पट्टी पळायची आणि हे तिच्यातून नीलाक्ष पकडायला डोळे बारीक करून बसायचे. मग मला सांगायचे.

"ऐकलं का? कंपनी आज बरी हाय."

किंवा, "कंपनीला केरळातून बसची ऑर्डर आली. आता काम वाढंल. झोप मिळती का नाय कोण जाणे."

कुणाला झोप, ते मी विचारायची नाही आणि ते सांगायचे नाहीत. तीन-तीन महिन्यांनी कंपनीचे निकाल लागायचे आणि दर वेळी तोटाच असायचा. टीव्हीवरचा टायवाला म्हणायचा, या कंपनीपासून लांब राहा. त्यावर हे इतके चिडायचे, की मी टीव्हीसमोरचं तांब्याभांडं उचलून ठेवायचे. "नवी कंपनी हाय, दम लागतो. लहान लेकरू पाळण्यातून उठून कमवायला जातं का? ह्यो टायवाला कधी बसखाली झोपला होता का?"

आयुष्यभर डिझेलच्या धुरात काढलेला हा माणूस. वर्कशॉपमधून आले की रुमाल काळा व्हायचा. आता मला समजावून सांगायचे, की टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरची हवा बसमधल्या फ्युएल सेलमध्ये एकत्र आली की वीज होते, विजेवर बस चालते, आणि मागच्या नळीतून नुसतं पाणी पडतं. "पाणी! खाली पेला धरला तर भरंल." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मेघानं बघायला हवं होतं. कितीदा मनात आलं, की गुपचूप फोन लावून तिला ऐकवावं.

मी तिच्याशी रोज रात्री बोलायचे. काय जेवलीस, घरमालकीण नीट वागते का, डोकं दुखायचं थांबलं का. कंपनीचं नाव कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बसवर हातभर अक्षरांत लिहिलेलंच होतं.

एकदा फोन ठेवल्यावर मी मोठ्यानं, भिंतीला सांगावं तसं बोलले, "कंपनीला सर्दी झालीय. आवाज पार बसलाय."

हे पेपर वाचत होते. मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनशेजारी आल्याच्या वड्यांचा पुडा आला. "कुणाला पाठवायच्या त्याला पाठव," म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. तेव्हापासून मला ही युक्तीच सापडली. कंपनीला भाकरीची आठवण येते. कंपनीच्या चपलेचा अंगठा तुटला. कंपनीला यंदा दिवाळीची सुट्टी दोनच दिवस आहे, ती मावशीकडे पुण्यातच राहणार आहे. शेवटचं ऐकून त्यांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कंपनीला सांग, घर कुठं पळून चाललं नाय." मी सांगितलं नाही. मी का सांगू? ज्यानं बोलणं बंद केलं त्यानं सांगावं.

एकदा कंपनीचा वार्षिक अहवाल मेलवर आला. भागधारक म्हणून यांच्या नावानं आला होता, याचं त्यांना केवढं अप्रूप! शिवराजकडून छापून आणला, भिंग घेतलं आणि आकडे सोडून सगळे फोटो तपासले. एका पानावर कारखान्यात काम करणाऱ्या महिलांची संख्या दिली होती. ती वाचून म्हणाले, "बऱ्याच पोरी हायत. एकटी नाय." आणि एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. मोठ्या यंत्रासमोर एक मुलगी पाठमोरी उभी होती. निळा ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, खाली कमरेपर्यंत आलेली वेणी.

"ऐकलं का? हिकडं ये."

मी बघितलं. ती मेघा नव्हती. मेघानं चाकणला गेल्यावर केस कापून खांद्यापर्यंत आणले होते, मी रोज व्हिडिओवर बघत होते. पण यांनी ज्या मेघाला शेवटचं बघितलं होतं, तिला वेणी होती.

"वेणी नीट बांधती अजून," ते म्हणाले. माझ्यानं खरं सांगवलं नाही. मी म्हणाले, "हो, नीट बांधते." त्या फोटोचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि मग रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी एकदा बघायला लागले.

अशी दोन वर्षं गेली. आणि मग यंदा उन्हाळा सुरू होता होता एका सकाळी टीव्हीवर नीलाक्षचं नाव खालच्या पट्टीत नाही, वर मोठ्या अक्षरांत आलं. बसची मोठी ऑर्डर रद्द. चाकणचा कारखाना बंद. निम्म्या लोकांना घरी बसवलं. शेअरला लोअर सर्किट लागलं होतं, म्हणजे विकायला सगळे उभे आणि घ्यायला कुणीच नाही. टायवाला म्हणाला, आम्ही सांगत होतो.

यांनी टीव्ही बंद केला. मग उठून माझ्यापाशी आले.

"मेघाची मम्मी," ते म्हणाले, "चल. पोरीला घेऊन येऊ."

दोन वर्षांनी ती हाक ऐकली आणि माझा हात मशीनच्या चाकावरच राहिला. हे तोवर कामाला लागले होते. पलंगाखालून एक रिकामी गोणी काढली, तिचं अंथरूण-भांडी भरायला. माझ्या साड्यांच्या गठ्ठ्याची दोरी सोडून घेतली. आल्याच्या वड्यांचा पुडा खिशात टाकला.

मी म्हणाले, "आधी फोन तर करू."

"फोन नको. फोनवर 'मी बरी हाय' म्हणंल. माझ्यावरच गेलीय ती."

हे मात्र त्यांनी खरं सांगितलं.

बसस्थानकावरून पुण्याची गाडी धरली. शिक्रापूरला उतरून पुढं चाकणला जीपनं जायचं, हे त्यांनी न विचारता सांगितलं. म्हणजे यांनी हा रस्ता मनातल्या मनात कितीदा काढला होता, देव जाणे. नगर येईपर्यंत गोणी मांडीवर घेऊन बसले होते. माझी काळजी वेगळीच. पोरीची नोकरी गेली त्याची नव्हे. नोकरी काय, दुसरी मिळेल. मला भीती होती यांच्या तोंडची. समोर गेल्या गेल्या हे 'मी म्हणलो होतो' म्हणतील, आणि ती तिथंच पाठ फिरवेल, आणि मग पुढची कित्येक वर्षं हे दोघं दोन भिंतींसारखे उभे राहतील आणि मी मधल्या बोळात. शेवटी मी बोललेच.

"हे बघा, तिथं गेल्यावर 'मी म्हणलो होतो' एवढं जरी म्हणालात, तर मी तुमच्याबरोबर परत यायची नाही. सांगून ठेवते."

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "म्हणलो तर होतोच."

"अहो!"

"पण रोज सकाळी उठून मला हेच वाटायचं, की माझं म्हणणं खोटं ठरू दे. कंपनी चालू दे. पोरगी जिंकू दे." त्यांनी गोणीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "मला काय हौस हाय का खरं ठरायची?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. भरल्या गाडीत ठेवला. शेजारची बाई बघत होती, बघू दे म्हटलं.

नीलाक्षच्या गेटबाहेर उन्हात माणसं घोळक्याघोळक्यानं उभी होती. कुणी फोनवर बोलत होतं, कुणी नुसतंच कंपाउंडकडं बघत होतं. गेट बंद. हे गोणी काखेत मारून थेट वॉचमनकडं गेले.

"गेट उघडा. माझी पोरगी आत हाय."

"आत कुणाला सोडायची ऑर्डर नाही काका."

हे जरा ताठ झाले. असे ताठ ते फक्त रिटायरमेंटच्या सत्काराच्या वेळी झाले होते. "मी मालक हाय ह्या कंपनीचा."

वॉचमननं त्यांच्याकडं बघितलं, गोणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. यांनी मोबाइल काढून शेअरचं खातं उघडून त्याच्यासमोर धरलं. बिचाऱ्यानं ते नीट वाकून वाचलं. मग म्हणाला, "काका, सकाळपासून ह्या गेटवर मालक म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. बाकीचे कुणी फोनही उचलत नाहीत." आणि त्यानं आम्हाला त्याच्या केबिनच्या सावलीत घेतलं, पाणी दिलं. चांगला माणूस होता. मेघाचं नाव विचारून आत फोन लावला, दोनदा विचारलं. मग हळूच म्हणाला, "ह्या नावाच्या कुणी इंजिनिअर आमच्याकडं नाहीत म्हणतात."

यांचा चेहरा उतरला. "बघ," मला म्हणाले, "नाव पण पुसून टाकलं पोरीचं. एवढ्यात पुसलं." आणि गोणी खाली टाकून तिच्यावर बसले. आयुष्यात मी त्यांना असं मधेच बसलेलं बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं हात पुढं केला. "फोन दे."

मी नंबर लावून दिला. पलीकडून मेघा म्हणाली, "हां मम्मी, बोल." मला शेजारी बसून ऐकू येत होतं. यांनी घसा खाकरला. वर्कशॉपच्या ऑफिसात फोन उचलायचे तसे ताठ बसले.

"हॅलो. मी कडुबा बोलतोय."

मग त्यांच्याच लक्षात आलं.

"म्हणजे, पप्पा," ते म्हणाले. "पप्पा बोलतोय. घाबरू नको. मी गेटवर हाय. मम्मी पण हाय. सामान घे आन् बाहेर ये, आपल्याला घरी जायचंय."

"पप्पा?" तिचा आवाज चिरकला. "कोणत्या गेटवर पप्पा?"

"तुझ्याच. कंपनीच्या. नीलाक्षच्या."

ती म्हणाली, "तिथंच थांबा. हलू नका."

आम्ही गेटकडं तोंड करून बसलो होतो आणि ती मागून, रस्त्यानं स्कूटीवरून आली. करड्या रंगाचा ड्रेस, खिशावर कुठलंतरी दुसरंच नाव, वाऱ्यानं उडालेले खांद्यापर्यंतचे केस. गाडी स्टँडवर लावायचंही भान नव्हतं, ती वॉचमननं धरली. यांच्यासमोर येऊन उभी राहिली. दोघंही एकमेकांना न्याहाळत राहिले. मला वाटलं, आता मीच बोलावं. तेवढ्यात हे म्हणाले, "केस कुठं गेले?"

"कापले. येऊन लगेच कापले."

"आन् तू बाहेरून कशी आली?"

"पप्पा, मी इथं नसतेच. माझी कंपनी एमआयडीसीच्या पलीकडच्या फेजमध्ये आहे. छोटी आहे, तरंग म्हणून. आम्ही सेलच्या आतल्या प्लेटा बनवतो. नीलाक्ष आमचं गिऱ्हाईक. त्यांच्या बसच्या चाचणीला आम्हाला बोलावलं होतं, तेव्हाचा तो फोटो." ती माझ्याकडं वळली. "मम्मी, तू सांगितलं नाहीस?"

मम्मीलाच माहीत नव्हतं तर मम्मी काय सांगणार! मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. शेअर, अहवाल, भिंग, तोटा, टायवाला, सगळं मी गडबडीनं तिला सांगून टाकलं. आता लपवायचं कुणापासून? ती ऐकत गेली, तिच्या तोंडावरही हसू आलं आणि मग गेलं. ती वाकली आणि गोणीशेजारी जमिनीवरच बसली.

"दोन वर्षं, पप्पा? रोज?"

"बाजार बंद असंल त्या दिवशी नाय," ते म्हणाले. मग गेटवरच्या निळ्या अक्षरांकडं बघून म्हणाले, "तुझी कंपनी बाजारात हाय का?"

"नाही. आम्ही केवढेसे. आमचं नाव पेपरात येत नाही, टीव्हीवर येत नाही."

"मंग तुझी बातमी मला कुठून कळायची?"

हे त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. दुकानात एखादा पार्ट कुठं मिळेल असं विचारावं तसं. मेघानं त्यांचा हात धरला.

"मला विचारायची, पप्पा," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मी फोन उचलते. तुमचा असता तर पहिल्या रिंगला उचलला असता."

यांनी मान खाली घातली. खिशातून रुमाल काढला, पण स्वतःसाठी नाही, तिला दिला. मी दुसरीकडं बघितलं. वॉचमनही दुसरीकडं बघत होता.

तिच्या नोकरीचं विचारलं, तर म्हणाली, गिऱ्हाईक गेलं म्हणजे काही महिने ओढाताण होणार, पण आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, बंद नाही पडणार. मग हे उठले. मला वाटलं, चला, जीव भांड्यात पडला. तर यांनी मोबाइल काढला आणि तिला तो वेणीचा फोटो दाखवला.

"मंग ही कोण?"

मेघानं बघितलं. "मला काय माहीत? नीलाक्षमधली कुणीतरी असेल."

ते त्या पाठमोऱ्या मुलीकडं बघत उभे राहिले. मग बाहेरच्या घोळक्यांकडं बघितलं, एकेक चेहरा, एकेक पाठ. "हिची नोकरी गेली असंल का गं?" ते म्हणाले. "रोज सकाळी बघतो मी हिला."

वॉचमनला जाऊन त्यांनी तो फोटो दाखवला. तो म्हणाला, काका, पाठमोऱ्या माणसाला कसं ओळखायचं. यांनी आल्याच्या वड्यांचा पुडा सोडून त्यातल्या मूठभर त्याच्या हातावर ठेवल्या आणि उरलेल्या मेघाच्या हातात दिल्या.

रात्री तिच्या खोलीवर राहिलो. मी भाकरी केल्या. बापलेकींनी ताटं समोर घेऊन त्या प्लेटांवर इतकी चर्चा केली, की भाकरीचं कुणी नावही काढलं नाही. सकाळी निघताना रिकामी गोणी परत कशी न्यायची म्हणून घरमालकिणीनं तिच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा भरून दिल्या. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला आठवडाभर शेवगा पुरला.

आता सकाळी बाजार उघडायच्या वेळेला हे मेघाला फोन लावतात. पहिले काही दिवस दोघांनाही काय बोलावं कळायचं नाही. हे विचारायचे, "आज काय?" ती म्हणायची, "आज काही विशेष नाही." एवढ्यावर फोन ठेवायचे आणि दिवसभर खूश असायचे. आता बोलतात. भांडतात पण. परवा सरकारी नोकरीवरून पुन्हा कडाक्याचं वाजलं, मला वाटलं झालं, पुन्हा दोन वर्षं गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी आपणहून फोन लावला. चहात साखर मात्र अजून नाही.

मागच्या आठवड्यात शिवराज घरी आला होता. नीलाक्षला कुणीतरी विकत घेणार अशी हवा आहे, शेअर थोडा हलला होता. "काका, हीच वेळ हाय, काढून टाका. आता तर ताईपण तिथं नाय. कशाला ठेवायचा?"

"नाय," हे म्हणाले. "राहू दे."

"पण का काका?"

यांनी मोबाइल उघडून त्याच्यासमोर धरला. निळा ड्रेस, हेल्मेट, कमरेपर्यंतची वेणी.

"आत अजून आपली एक पोरगी हाय," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडं वळून, "मेघाची मम्मी, टीव्ही लाव गं जरा. बातम्या सुरू झाल्या असतील."